परदेशी आवड, घरचा तुटवडा

तरुणांच्या अभिरुचीविषयी वडीलधाऱ्यांची तक्रार प्रत्येक पिढीत नव्याने होत असते. नाट्यसंगीतावर वाढलेल्यांना हिंदी चित्रपटगीते उथळ वाटली. त्या चित्रपटगीतांवर वाढलेल्यांना पाश्चात्त्य पॉप संगीत हा निव्वळ गोंगाट वाटला. आज या तक्रारीचा रोख पूर्वेकडे वळला आहे. कोरियन मालिका, ‘बीटीएस’सारख्या वाद्यवृंदांची गाणी, जपानी ॲनिमे चित्रपट आणि त्यांच्या पाठोपाठ येणारी कोरियन वा जपानी भाषा शिकण्याची हौस आता पुण्या-मुंबईपुरती मर्यादित राहिलेली नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली अशा गावांतील महाविद्यालयीन तरुण-तरुणींपर्यंत ती पोचली आहे. सेऊलमधील गायकांची नावे ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांना आपल्याच तालुक्यातील दंडार किंवा खडी गंमत ठाऊक नसते, अशी खंत या भागातील घराघरांत व्यक्त होताना आढळते.

या खंतीला साधारणतः दोन उत्तरे दिली जातात. हे संस्कृतीवरील आक्रमण असून ते थोपविले पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. ज्याची त्याची आवड, त्यात इतरांनी नाक खुपसू नये, असे दुसऱ्याचे म्हणणे. दोन्ही पक्ष आवडीलाच प्रश्न समजतात आणि तेथेच थांबतात. वस्तुतः आवड म्हणजे मागणी होय, आणि मागणी कधीही पोकळीत निर्माण होत नाही. जे सहज, स्वस्त व सुबक स्वरूपात समोर येते, त्याकडे ती वळते. तेव्हा तरुणांनी परदेशी माल का स्वीकारला, यापेक्षा घरचा माल त्यांच्यासमोर का आला नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

मार्ग कसा खुला झाला?

कोरियन लाटेचा जागतिक इतिहास सर्वपरिचित आहे. २०१२ च्या अखेरीस ‘गंगनम स्टाइल’ हे गाणे यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिले गेलेले पहिले गाणे ठरले. २०२० साली ‘पॅरासाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले; इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला हा मान प्रथमच लाभत होता. २०२१ साली ‘स्क्विड गेम’ ही मालिका जगभर पाहिली गेली. परंतु या घटना चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुणापर्यंत पोचल्या त्या दोन कारणांमुळे. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेटचे दर एकाएकी कोसळले, हे पहिले कारण. या मालिका हिंदीत भाषांतरित होऊन येऊ लागल्या, हे दुसरे. कोरियन निर्मात्याचा माल मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातून हिंदीचे वस्त्र लेवून निघतो आणि थेट आलापल्लीच्या मुलाच्या हातातील पडद्यावर उतरतो. मराठीत असा माल फारच थोडा येतो, आणि गोंडी-माडियाचा तर व्यापारी हिशेबात विचारही नाही.

परके म्हणजे नेमके काय?

येथे ‘परदेशी’ या शब्दाचाही थोडा तपास घेणे आवश्यक आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा हा महाराष्ट्रातील भाषिकदृष्ट्या अत्यंत संमिश्र असा जिल्हा आहे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोरा-कुरखेड्याकडे गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीतील पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, आणि वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली. भामरागडच्या रानातील बालक सहाव्या वर्षी शाळेत पाऊल टाकते, तेव्हा त्याच्या कानावर येणारी मराठी हीच त्याच्या दृष्टीने पहिली परकी भाषा असते. हिंदी दुसरी, इंग्रजी तिसरी. अशा मुलाने पुढे मोबाइलवर कोरियन अक्षरे गिरवली, तर त्याने आणखी एक परकी भाषा जवळ केली, इतकेच. त्याची मातृभाषा त्याच्यापासून दूर गेली असेल, तर ते काम त्याच्या पहिल्याच इयत्तेत उरकले होते.

एप्रिल आणि जून २०२५ मध्ये राज्य शासनाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे निर्णय काढले, त्यांवर मोठे वादंग माजले आणि २९ जून रोजी ते मागे घेण्यात आले. मुलाचे प्रारंभीचे शिक्षण त्याच्या भाषेत व्हावे, हे तत्त्व त्या वादात मराठीच्या बाजूने हिरिरीने मांडले गेले, आणि ते रास्तच होते. मात्र तेच तत्त्व माडिया मुलालाही लागू पडते, याची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्यास राज्याला सांगतो. प्रत्यक्षात धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ साली ग्रामसभेच्या पुढाकाराने गोंडी शाळा सुरू झाली, तेव्हा तिला मान्यतेसाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. आठव्या अनुसूचीत असलेल्या डोगरी आणि बोडो यांच्या भाषकांपेक्षा ती अधिक आहे. तरीही गोंडीला त्या अनुसूचीत अद्याप स्थान नाही.

कोरियाचा खरा धडा

आपल्या तरुणांना ज्या देशाची भुरळ पडली आहे, त्याचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होत गेली. १९४० साली तेथील प्रमुख कोरियन दैनिके बंद पाडण्यात आली. ज्या हान्गुल लिपीचे आज जगभर कौतुक होते, ती राजा सेजोंगने १४४६ साली प्रसृत केली असली, तरी चिनी लिपीत पारंगत असलेला विद्वान वर्ग तिला शतकानुशतके हलकी समजत होता. स्वातंत्र्यानंतर देशाची फाळणी आणि युद्ध यांतून निघालेला दक्षिण कोरिया इतका दरिद्री होता की, १९६३ पासून त्याने सुमारे आठ हजार खाणकामगार आणि पुढे दहा हजारांहून अधिक परिचारिका पश्चिम जर्मनीत कामाला पाठविल्या. त्यांनी घरी धाडलेला पैसा त्या राष्ट्राला मोलाचा वाटला.

त्याच राष्ट्रात १९९४ साली राष्ट्राध्यक्षांपुढे सादर झालेल्या एका अहवालात, ‘ज्युरासिक पार्क’ या एका चित्रपटाची मिळकत पंधरा लाख ह्युंदाई मोटारींच्या निर्यातीएवढी असल्याचा हिशेब मांडला गेला. संस्कृती हाही उद्योग आहे आणि त्यालाही भांडवल, प्रशिक्षण व बाजारपेठ लागते, हे तेथील शासनाने मनावर घेतले. १९९९ साली सांस्कृतिक उद्योगांच्या संवर्धनाचा कायदा झाला. चित्रपटगृहांनी वर्षातील १४६ दिवस देशी चित्रपट दाखवावेत, असे बंधन पूर्वीपासून होते. २००६ मध्ये ते ७३ दिवसांवर आले. याच सुमारास, १९९८ पासून, जपानी चित्रपट व संगीतावरील जुनी बंदी टप्प्याटप्प्याने उठविण्यात आली. जपानी मालाच्या पुरात कोरियन कला बुडेल, ही भीती तेव्हाही बोलून दाखविली गेली होती. ती खोटी ठरली, कारण दारे उघडण्याबरोबरच घरच्या उत्पादनाची तयारीही झाली होती.

अर्थात ही तुलना फार ताणता येणार नाही. कोरियाला एक भाषा, स्वतःचे शासन आणि पाच कोटींची लोकसंख्या लाभली आहे. गोंडी भाषक अनेक राज्यांत विखुरलेले आहेत, त्यांच्या बोलींत अंतर आहे, आणि लिपीवरही एकमत नाही. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली लिपी २०१७ मध्ये संगणकाच्या युनिकोड प्रणालीत आली. गुंजाला येथील जुन्या हस्तलिखितांतील लिपी २०१८ मध्ये आली. बहुतेक व्यवहार मात्र देवनागरीत वा तेलुगू लिपीतच होतो. शिवाय मुलांना इंग्रजी माध्यमात घालण्याकडे आदिवासी पालकांचाही ओढा आहे, आणि पोटाचा विचार करता त्यांना दोष देता येत नाही. या सर्व अडचणी मान्य करूनही मुख्य मुद्दा उरतोच. दडपलेली भाषा बाजारात उभी राहू शकते. मात्र ती आपोआप उभी राहत नाही.

झाडीपट्टीची साक्ष

हे दूरचे उदाहरण ज्यांना पटत नसेल, त्यांनी देसाईगंज-वडसा येथे दिवाळीनंतर फेरी मारावी. धानाचे पीक घरात आले, हाती चार पैसे खुळखुळू लागले, की झाडीपट्टीचा नाट्यहंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने गावोगावी कापणी झालेल्या शेतात मंडप पडतात; रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगते, आणि प्रेक्षक तिकीट काढून बसतात. वडशात नाट्यमंडळांची कार्यालये थाटलेली असून हंगामात कोट्यवधींची उलाढाल होते. २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी आल्यानंतरही ही रंगभूमी तगून राहिली. तिचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला साहित्याची प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले.

तात्पर्य असे की, येथील माणूस आपल्या मातीतील कलेसाठी पैसे मोजावयास तयार असतो. अडचण इतकीच की ही कला हंगामी आहे आणि मंडपाबाहेर पडत नाही. होळीनंतरचे सात-आठ महिने, आणि हंगामातही दिवसाचे सारे तास, तरुणाच्या हातातील पडद्यावर तिची जागा रिकामी असते. ती रिकामी जागा सेऊलने भरली, तर अपराध सेऊलचा नव्हे, आणि पाहणाऱ्याचाही नव्हे.

कच्च्या मालाचा प्रदेश

या दोन जिल्ह्यांच्या अर्थव्यवस्थेचे जुने दुखणेच येथे नव्या रूपात प्रकट झाले आहे. रानातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला आणि तेंदूपत्ता दूरच्या विडी कारखान्यांत. चंद्रपूरचा कोळसा जळून वीज राज्यभर पसरली, राख मात्र येथे राहिली. सुरजागडच्या लोहखनिजाच्या बाबतीत कोनसरीचा पोलाद प्रकल्प हा क्रम किती बदलतो, हे काळ ठरवील. कच्चा माल द्यावा आणि पक्का माल विकत घ्यावा, ही या प्रदेशाच्या वाट्याला आलेली भूमिका. आता तरुणांचा वेळ आणि त्यांचे लक्ष हाही एक कच्चा मालच झाला आहे. तो येथून उचलला जातो, आणि त्यावरील जाहिरातींचे व वर्गणीचे उत्पन्न अन्यत्र जमा होते.

या साखळीतून सुटण्याचा मार्ग याच जिल्ह्याने एकदा दाखविलेला आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार. त्या गावाने बांबूच्या व्यापाराकडे पाठ फिरविली नाही. मालकी आणि भाव आपल्या हाती घेतला. भाषा आणि कलेच्या बाबतीतही हेच धोरण हवे.

त्यासाठी पैसा नाही, ही सबब या दोन जिल्ह्यांपुरती तरी टिकणारी नाही. खाणींच्या रॉयल्टीच्या प्रमाणात खाणधारकांकडून निधी घेऊन तो खाणबाधित जनतेसाठी खर्च करण्याकरिता २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली, आणि शिक्षण व कौशल्यविकास हे त्यांच्या अग्रक्रमाचे विषय आहेत. त्यातील अल्पसा हिस्सा तीन कामांना पुरेसा ठरेल. पहिल्या दोन इयत्तांसाठी माडिया व गोंडी जाणणारे स्थानिक शिक्षक नेमणे. निवडक झाडीपट्टी नाटकांचे, कलावंतांचे हक्क व मानधन करारबद्ध करून, उत्तम चित्रीकरण करणे. आणि मुलांसाठीचे जगातील उत्तम चित्रपट गोंडी, माडिया व झाडीबोलीत आणण्यासाठी येथेच ध्वनिमुद्रणगृह उभारणे. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने यात पुढाकार घेतला, तर त्याचे नाव सार्थ होईल.

परदेशी भाषांच्या हौशीलाही या योजनेत स्थान असावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकता येणाऱ्या परदेशी भाषांत कोरियन व जपानीचा नामोल्लेख केला आहे. कुशल मनुष्यबळ पाठविण्यासाठी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, आणि त्यासाठी जर्मन भाषेच्या शिक्षणाचा घाट घातला गेला. कोरियाने साठ वर्षांपूर्वी ज्या देशात आपल्या परिचारिका धाडल्या, त्याच देशाकडे आज आपला तरुण पाहत आहे. जो मुलगा घरी माडिया, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि सीमेवर तेलुगू बोलतो, त्याला आणखी एक भाषा जड जाण्याचे कारण नाही. मात्र गाण्यांच्या हौशीतून उचललेले शब्द नोकरी मिळवून देत नाहीत. त्याला पद्धतशीर शिक्षण आणि मान्यताप्राप्त परीक्षेचे केंद्र हवे, आणि ते नागपूरला जावे न लागता जिल्ह्यातच हवे.

कोरियन अक्षरे आवडीने गिरवणाऱ्या तरुणाला त्याबद्दल दटावण्याचे प्रयोजन नाही. आपल्या आजीच्या भाषेत पाहण्यासारखे, ऐकण्यासारखे आणि वाचण्यासारखे काय आहे, असे त्याने उद्या विचारले, तर त्याच्या हाती ठेवावयास काही असले पाहिजे. ते आज फार थोडे आहे. ती उणीव भरून काढण्याचे दायित्व त्याच्यावर नाही. ते शासन, विद्यापीठ आणि आज तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांवर आहे.