ग्राउंडहॉग डेची सुट्टी

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. कॉलवर पलीकडचा अमेरिकन मॅनेजर वैतागून म्हणाला, "गाईज, धिस इज ग्राउंडहॉग डे!" मी इमानेइतबारे वहीत लिहून घेतलं, की क्लायंटला सुट्टी आहे. वर टीमला तशी मेलही टाकली. पुढचे दोन दिवस कँटीनमध्ये माझं काय झालं ते सांगत नाही.

नंतर कळलं की २ फेब्रुवारीला तिकडे हा सण खरोखरच असतो, पण साहेब बोलत होते १९९३ च्या सिनेमाबद्दल. बिल मरेच्या आयुष्यात तोच एक दिवस पुन्हा पुन्हा उजाडतो. आमचा तोच बग रोज नव्याने उगवत होता, तसा!

आता यात माझी काय चूक? शाळेत मी इडियम्सच्या याद्या घोकल्या होत्या. धो धो पावसात पडणारी मांजरं-कुत्री अजून तोंडपाठ आहेत, पण इतक्या वर्षांत एकाही क्लायंटच्या तोंडून ती पडलेली नाहीत. मला विचाराल तर त्या याद्या सरळ रद्दीत घाला. शब्दप्रयोगामागची गोष्ट माहीत असेल तरच तो डोक्यात बसतो. आपण नाही का १७६१ च्या लढाईवरून आजही 'परीक्षेत पानिपत झालं' म्हणत? बाहेरच्या माणसाला 'ध चा मा' डिक्शनरीतून समजावून दाखवा बघू. नारायणरावांपासूनच सुरुवात करावी लागेल.

बातम्यांचंही तेच. १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत घरफोडी झाली, १९७४ मध्ये निक्सनना जावं लागलं, आणि तेव्हापासून कुठल्याही भानगडीला 'गेट' चिकटतं. २०१२ मध्ये आपल्या कोळशाचंसुद्धा 'कोलगेट' झालं. (टूथपेस्टवाल्यांचा बिचाऱ्यांचा काही संबंध नसताना.)

अर्थात सिनेमावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. अपोलो १३ मधून १९७० मध्ये ह्यूस्टनला कळवलं गेलं ते भूतकाळात, म्हणजे प्रॉब्लेम 'आला होता' असं. १९९५ च्या सिनेमाने त्याचा वर्तमानकाळ केला आणि जगभर तोच रुळला. शिवाय गँगस्टरच्या सिनेमात शिकलेलं इंग्रजी क्लायंटवर झाडू नका, प्लीज.

हे सगळं आज आठवलं ते आमच्या टीममधल्या लातूरच्या एका पोरामुळे. कोड असा लिहितो की बघत राहावं, पण कॉलवर कायम म्यूट. अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन वीक' असा शेरा बसला आणि रेटिंग गेलं. अरे, बोलायला त्याला येतं, पण समोरचे हसतात तेव्हा का हसतात तेच त्याला कळत नाही. मग तो कशाला तोंड उघडेल?

शनिवारी त्याला घरी बोलावलं, इंग्लिश सबटायटल्स लावून तोच सिनेमा सुरू केला. तिसऱ्यांदा तीच सकाळ उजाडली तेव्हा पठ्ठ्या म्हणतो, "दादा, हे तर आपलं पहिले पाढे पंचावन्न की हो!"