आज रोजी हयात मुले : निरंक

तिसऱ्या मुलाचे दिवस फिरले आहेत. आंध्रात चंद्राबाबूंनी ‘कुटुंब वाढवा’ म्हणून सांगितले आणि 2024 मध्ये स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट विधानसभेकडून काढूनही घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात सरसंघचालकांनी नागपुरात 2.1 या जननदराचे गणित मांडले आणि दोनांवर भागत नाही, तीन हवीत, असा हिशेब दिला. त्यावर व्हायचे ते वाद झाले, वाहिन्यांचे चार दिवस बरे गेले. एवढ्या गदारोळात जागचा हलला नाही तो एकच कागद : महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी द्यायचा नमुना ‘अ’, अर्थात लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन.

जातीचा दाखला, त्याची वैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, एमएस-सीआयटी, नावात ‘राव’ कमी पडला म्हणून काढलेले राजपत्र, अशी चळत फाइलीला लागली की तळाशी हा नमुना येतो. बाकीचे दाखले मिळवायला सेतू केंद्राचे उंबरे झिजवावे लागतात. हा मात्र कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात मिळतो आणि तिथल्याच काचेच्या काउंटरवर भरता येतो. ‘आज रोजी मला’, मग टिंबे, मग ‘इतकी हयात मुले आहेत’. या टिंबांवर पेन टेकवून तेवीस वर्षांचा अविवाहित मुलगा दुकानदाराकडे बघतो. दुकानदार मान वर न करता सांगतो, ‘निरंक लिहा. शून्य लिहिलं तर साहेब परत पाठवतात.’ मुलगा निरंक लिहितो. पुढचा प्रश्न तयारच असतो : या मुलांपैकी 28 मार्च 2005 नंतर जन्मलेली किती? निरंकापैकी किती, हे त्याने सांगायचे आहे.

ही तारीख ज्या नियमांची आहे ते महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम 2005 मध्ये आले. पुढे एक वर्षाची सवलत देऊन 28 मार्च 2006 पासून तिसरे अपत्य नोकरीच्या आड येऊ लागले. आता गंमत अशी की, 2005 नंतर जन्मलेली ती मुलेच हल्ली अर्ज भरायला रांगेत उभी आहेत. ज्यांना जन्माला येऊ देऊ नका म्हणून शासनाने त्यांच्या आईबापांना बजावले, त्यांनाच शासन आता विचारते आहे की, तुमच्यानंतर जन्मलेली तुमची मुले किती!

सरकारी फॉर्मांतल्या टिंबांशी आमचे जुने वैर आहे, हे इथे सांगून टाकलेले बरे. संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे सारे इंचभर जागेत कोंबायचे आणि जिथे एक आकडा लिहायचा तिथे बोटभर टिंबे सोडलेली, ही रचना कोणा एकाच्या चुकीने होत नाही. त्यामागे परंपरा लागते. आमच्या हाती आलेल्या नमुन्यात मुलांच्या संख्येसाठी इतकी ऐसपैस जागा आहे की, धृतराष्ट्राने अर्ज केला असता तरी आकडा अक्षरांतही मावला असता. त्याच्या गावाचे नाव मात्र समासात गेले असते.

आणि हे निरंक लिहिणारे कोण, तर ज्यांचे लग्नच जमत नाही असे. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात तो नोकरीचा, तीही सरकारी असेल तर उत्तम. सोलापुरात डिसेंबर 2022 मध्ये मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत नवरदेवांचा मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर गेला होता. वधू मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती आणि ती रास्त होती. नोकरी नाही म्हणून बायको नाही आणि नोकरीच्या अर्जात आधी मुलांचा हिशेब द्या! 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक जण ताटकळत ठेवणे हा कुटुंबनियोजनाचा एवढा जालीम उपाय असताना प्रतिज्ञापनाची गरज काय, हे आम्हाला कळत नाही.

खुद्द नियमांचे अंतःकरण मात्र मोठे आहे. पहिल्या मुलानंतर जुळे झाले, तर एका बाळंतपणातली सारी मुले मिळून एकच धरावीत, अशी तरतूद त्यांत आहे. दत्तक मूल मोजायचे नाही. म्हणजे लहान कुटुंब घरातल्या ताटांवरून ठरत नाही, दाखल्यांवरून ठरते.

ज्या आकड्यासाठी हे चालले होते तो तर कधीच खाली आला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 निघाला. 2019-21 ची ती पाहणी मंत्रालयात पोहोचली नसेल असे म्हणवत नाही. नियमाचा काच उरला आहे तो भलत्यांनाच. दोन मुलींवर ‘एकदा बघू’ म्हणून तिसऱ्यांदा बाळंतपणाला धाडलेली बाई पस्तिशीत अभ्यास करून परीक्षा पास होते, तेव्हा घरातला कोणीही पुढे येत नाही. सही तिचीच लागते. अशा सह्या आणखी कोणाकडून घेण्याचा विचार शासनाच्या मनात कसा आला नाही, याचे आम्हाला नवल वाटते. शिपायाला दोनच. सरपंचाला, झेडपी सदस्याला 2001 पासून दोनच. आमदाराला आणि खासदाराला मात्र कितीही चालतात. त्यांनाही उमेदवारी अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागतेच, त्याला नमुना 26 म्हणतात. त्यात जमीन, सोने, गाड्या, गुन्हे, सगळे विचारलेले असते. मालमत्तेच्या तक्त्यात स्वतःचा रकाना, जोडीदाराचा रकाना आणि मग अवलंबितांचे. अवलंबित म्हणजे मुलेच असे नाही, हे आम्ही जाणतो. पण तिथे टिंबांची भानगड नाही, सारे व्यवस्थित आखून दिले आहे : अवलंबित 1, अवलंबित 2, अवलंबित 3.