नकाशावरच्या कोऱ्या जागा वेगळ्या रंगात दाखवा

मा. संचालक,
नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ, नागपूर यांस,



११ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या संस्थेची पायाभरणी नागपुरात झाली. माणूस, जनावर आणि जंगल यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी संस्था आमच्या शहराला मिळाली, म्हणून एक मागणे हक्काने मांडतो. प्राणी आणि कीटकांमार्फत माणसात येणाऱ्या रोगांचा विदर्भाचा गावनिहाय जोखीम-नकाशा तयार करा आणि तो लोकांसाठी खुला ठेवा.

या रोगांशी नागपूरचे नाते जुने आहे. १९६५ साली इथे तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला. त्याला इथल्याच चांदीपुऱ्याचे नाव मिळाले. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीत ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. ताप, झटके, आणि एक-दोन दिवसांत मूल हातचे जाते. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलाव्यात वाढते. म्हणजे धोका घर आणि गोठा पाहून ओळखता येतो; जिल्ह्याच्या सरासरीत तो हरवतो. बेंगळुरूची ‘निवेदी’ संस्था जनावरांच्या रोगांचे जिल्हावार इशारे दोन महिने आधी देते, हे मोलाचे काम आहे. पण गडचिरोलीसारखा १४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा जिल्हा एका रंगात रंगवला, तर सिरोंचातल्या आशाताईंनी त्यातून काय समजावे?

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूरच्या मेडिकल रुग्णालयात स्क्रब टायफसचे रुग्ण येऊ लागले, ते आपल्याला ठाऊक असेलच. उंदरांच्या अंगावर आणि वाढलेल्या गवतात असणारा चिगर नावाचा बारीक किडा चावतो. चावल्या जागी बऱ्याचदा काळी खपली धरते, आणि ती काखेत-जांघेत असली तर कुणी पाहतही नाही. वेळेत शंका आली तर डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्यांनी माणूस बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ‘तुमच्या भागात सध्या हा ताप असू शकतो’ एवढे जरी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना नकाशाने सांगितले, तरी जीव वाचतील.

मात्र हा नकाशा रुग्णांच्या घरच्या पत्त्यांवर बेतू नका. किडा चावतो तो बांधावर गवत कापताना, मोहफुले वेचताना, तेंदूपत्ता तोडताना. केसपेपरवर मात्र गावाचे नाव लागते. गेल्या पंधरवड्यात काम कुठे केले, हा प्रश्न तापाच्या प्रत्येक रुग्णाला विचारला जावा. मेडिकल आणि मेयो रुग्णालयांत छिंदवाडा, बालाघाटहूनही माणसे येतात, तेव्हा नकाशा राज्याच्या सीमेवर थांबूनही चालणार नाही.

त्याहून मोठी भीती कोऱ्या जागांची वाटते. जिथे तपासणी नाही तिथे रुग्ण सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून ते गाव सुरक्षित ठरते. ‘तपासले, आढळले नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ यांना दोन वेगळे रंग द्या. दुसऱ्या रंगाची गावे हीच आपल्या पथकांची पहिली कामे असावीत.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातल्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले. अशा रोगात वन्यप्राण्यांची नोंद वन विभागाकडे, कोंबड्यांची पशुसंवर्धनाकडे, तापाची आरोग्य विभागाकडे. तिन्ही नोंदी एका पडद्यावर आणू शकेल अशी आपली संस्था आता नागपुरात आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि ‘माफसू’ हे पशुविज्ञान विद्यापीठही याच शहरात आहेत.

नकाशा खुला केला तर गावाची बदनामी होईल, कोंबडीचा बाजार पडेल, अशी हरकत येईल. ती खोटी नाही. पोल्ट्रीवाल्याचे नुकसान खरेच होते. म्हणून रुग्णांची नावे नकोत, गोठ्याच्या मालकाचे नावही नको. गाव, हंगाम आणि काय काळजी घ्यावी, एवढे मराठीत आणि गोंडी-माडिया बोलणाऱ्यांना ऐकता येईल अशा ध्वनिफितीत द्या. लपवलेल्या रोगाची अफवा बाजार जास्त पाडते.

सुरुवात स्क्रब टायफस आणि चांदीपुरा या दोनच रोगांपासून करा. पहिला, अपुरा का होईना, नकाशा पुढच्या मृग नक्षत्राआधी ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा, आणि त्यात चूक दिसली तर गावकऱ्यांनी कुणाला कळवायचे, तो फोन क्रमांक त्याच कागदावर छापा.

आपला,
नागपूरचा एक रहिवासी