थडग्यांमधली रानफुले

स्मशान आणि दफनभूमी यांविषयी समाजाच्या मनात भय असते आणि त्या भयात आदरही मिसळलेला असतो. या आदराचा एक अनपेक्षित लाभ निसर्गाला झाला आहे. जेथे नांगर फिरला नाही आणि घर उठले नाही, तेथे जुनी वनस्पतिसृष्टी तग धरून राहिली. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात एके काळी क्षितिजापर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशाचा एक सहस्रांशही आज मूळ स्वरूपात उरलेला नाही. आणि जे तुकडे उरले, त्यांतील काही आद्य वसाहतकारांच्या लहानशा दफनभूमींत सापडतात. मॅसॅच्युसेट्समधील माउंट ऑबर्न ही दफनभूमी तर १८३१ साली तेथील उद्यानविद्या मंडळाच्या पुढाकाराने स्थापन झाली. तेथे आता रानफुलांचे कुरण मुद्दाम राखले जाते, आणि त्यामुळे मृतांचा मान उणावला असे कोणी म्हणत नाही.

गोमंतकात या विचाराची सुरुवात करण्याजोगी एक जागा आहे. दोनापावला येथे, काबो भूशिराजवळ, इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, पोर्तुगीजांच्या या मुलखात ब्रिटिश फौजेचा तळ पडला होता, त्याची ती निशाणी. घरापासून हजारो कोस दूर मरण आलेल्या या माणसांच्या थडग्यांवर फूल ठेवायला आज कोण येणार? ते काम तेरड्याने आणि कुर्डूने करावे, असे आम्हांस वाटते.

यात केवळ भावनेचा प्रश्न नाही. आंबा-काजूचा मोहोर संपला आणि पावसाची झड लागली की मधमाश्यांचे उपासमारीचे दिवस सुरू होतात. अशा वेळी सड्यावरची आणि बांधावरची रानफुलेच त्यांना आधार देतात. ते सडे आज वसाहतींखाली आणि रस्त्यांखाली जात आहेत. माशी गेली तर नुकसान मधापुरते राहत नाही. काकडी, दोडका, दुधी यांची नर आणि मादी फुले निराळी असतात. कीटकाने पराग वाहून नेला नाही, तर वेल फुलतो पण फळ धरत नाही. वांग्याच्या फुलातील पराग तर भुंग्याने फुलाला बिलगून अंग थरथरवले की भरपूर झडतो आणि फळ चांगले पोसते. ताळगावच्या आणि आगशीच्या वांग्यांची थोरवी सांगणाऱ्यांनी त्या भुंग्याचीही आठवण ठेवावी. शिवाय माश्यांच्या बहुसंख्य जाती पोळे बांधतच नाहीत. त्या एकेकट्या राहतात, आणि त्यांतील पुष्कळशा जमिनीत बीळ करून अंडी घालतात. कुदळ न लागलेली माती त्यांना हवी असते. जुन्या दफनभूमीत ती आयतीच असते.

करावयाचे काम अल्प खर्चाचे आहे. विदेशी हिरवळ, डुरांट्याची कुंपणे आणि तणनाशकाची फवारणी यांना तेथे मज्जाव करावा. रानमोडी आणि घाणेरी मुळासकट काढावी. थडग्यांच्या चुन्यात रुजलेली पिंपळाची आणि वडाची रोपे वेळीच उपटावी, कारण त्यांची मुळे दगड फोडतात. वर्षायू रानफुलांपासून दगडाला तसा धोका नाही. तेरडा, कुर्डू, खुळखुळा, रुई यांसारखी स्थानिक झाडे थडग्यांपासून थोडी दूर, मोकळ्या जागेत वाढू द्यावी. लागेल ते बी परिसरातूनच आणि तेही थोडे घ्यावे. सड्यावरची रोपे उपटून येथे लावणे म्हणजे एक घर मोडून दुसरे बांधणे होय.

महत्त्वाची गोष्ट विळा चालविण्याच्या वेळेची आहे. श्रावण-भाद्रपदात गवत कापले तर फुलांचे बी धरण्याआधीच जाते. कापणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात केली, तर बी पडून गेलेले असते. आणि ख्रिस्ती बांधव २ नोव्हेंबरला आपल्या मृतांचे स्मरण करतात, त्याच्या आधी दफनभूमी स्वच्छही होते. पंचांग आणि निसर्ग यांचा येथे विरोध नाही. सापांची भीती घालणारे भेटतील. त्यांच्यासाठी पायवाटा बारमाही कापलेल्या ठेवाव्यात. आणि हे दुर्लक्ष नसून जोपासना आहे, असे सांगणारा फलक दाराशी लावावा. जवळच ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. तेथील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दर पावसाळ्यात येथील फुलांची आणि कीटकांची नोंद ठेवली, तर पुढच्या पिढीला आधार मिळेल.

मात्र इंग्रजांच्या थडग्यांना उपदेश करून आम्हां हिंदूंना हात झटकता येणार नाहीत. सत्तरीतील निरंकाराची राय आजवर राहिली ती कायद्यापेक्षा देवाच्या धाकाने. आपल्या अंगणातील तुळशीच्या मंजिऱ्यांवर सकाळी किती माश्या घोंगावतात, हे कोणा गृहिणीला सांगण्याची आवश्यकता नाही. चवथीला गणरायावर बांधायच्या माटोळीसाठी आपण रानातील फळेफुले शोधीत फिरतो. आणि त्याच वेळी गावच्या स्मशानात सुशोभीकरणाच्या नावाखाली सिमेंटचे ठोकळे बसविले की आपण पंचायतीची पाठ थोपटतो. उद्या माटोळीचा प्रत्येक जिन्नस बाजारातून विकत आणण्याची पाळी आली, तर दोष कोणाला देणार?

भयाने आणि श्रद्धेने जे राखले, ते आता नीटनेटकेपणाच्या हौसेने नष्ट होण्याची वेळ आली आहे. पुरातत्त्व खाते, वन खाते आणि पंचायती यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून निदान एका दफनभूमीपुरता आणि एका स्मशानापुरता हा प्रयोग ठरवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. चार महिने विळा आवरण्याचा संयम पुरे आहे.