शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे काय?

गंगाखेड, जिंतूर, पाथरी किंवा पूर्णा येथील बावीस-तेवीस वर्षांचा तरुण आज एका पेचात सापडलेला आहे. बारावी झालेली, बी. ए. अर्ध्यावर सुटलेले, पोलीस भरतीच्या एक-दोन फेऱ्या वाया गेलेल्या, आणि घरची कोरडवाहू जमीन भावाभावांच्या वाटणीला न पुरणारी. अशा वेळी एस.टी.च्या कार्यशाळेत अथवा वाळूजच्या एखाद्या कारखान्यात मेकॅनिकची शिकाऊ उमेदवारी पत्करावी की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. त्याला उपदेश करणारे मात्र पैशाला पासरी भेटतात. नोकरीमागे धावू नका, हाती कौशल्य घ्या, कष्टाची लाज धरू नका, असे त्याला सभांतून आणि समारंभांतून ऐकविले जाते.

या उपदेशातील पहिला खोटेपणा असा की, तो करणारांची स्वतःची मुले कधी हाती पाना धरीत नाहीत. आणि दुसरा असा की, कष्टाची लाज हा या जिल्ह्यातील तरुणाचा रोगच नव्हे. ज्या घरांतील माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, त्या घरांतील मुलांना श्रमप्रतिष्ठेचे पाठ देण्याचा अधिकार कोणाला पोचतो? तो तरुण कचरतो तो ग्रीसने हात काळे होतील म्हणून नव्हे. वर्ष-दोन वर्षे दिल्यानंतर आपल्या पदरात काय पडणार, हे त्याला कोणी सांगत नाही म्हणून तो कचरतो. त्याची शंका रास्त आहे, आणि तिचे मूळ त्याच्या स्वभावात नसून देशाच्या कायद्यात आहे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतच शिकाऊ उमेदवाराचा समावेश केला होता. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम आला. त्याच्या अठराव्या कलमाने शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे ठरवून त्याला कामगार कायद्यांच्या कक्षेबाहेर काढले. बाविसाव्या कलमाने, करारात तशी अट नसेल तर शिक्षण पुरे झाल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर ठेवले नाही. २०१४ च्या दुरुस्तीने आणखी पुढची मजल गाठली. कामाचे तास ठरविण्याचा अधिकार मालकाकडे गेला, कायदा मोडणाऱ्या मालकासाठी असलेली तुरुंगवासाची तरतूद काढून केवळ दंड ठेवण्यात आला, आणि शिकाऊंच्या भरतीचे धोरण मालकानेच आखावे असे ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर कामगाराच्या व्याख्येतच ‘शिकाऊ उमेदवार वगळून’ असे लिहून टाकले. १९४७ साली ज्याला व्याख्येत घेतले होते, त्याला त्याच व्याख्येतून नाव घेऊन बाहेर घालविण्यात आले, याला प्रगती म्हणावयाचे काय?

आता विद्यावेतनाचा हिशेब पाहू. २०१९ च्या नियमांनुसार बारावी उत्तीर्ण शिकाऊला दरमहा किमान ७,००० रुपये ठरले. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर रोजचे सुमारे २६९ रुपये होतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या अकुशल मजुराचा दर २९७ रुपये होता. म्हणजे जो हात इंजिन उघडून बांधावयास शिकतो, त्याची किंमत फावडे धरणाऱ्या हातापेक्षा कमी! विद्यावेतनात ३६ टक्के वाढ करावी, अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने केली ती २०२५ साली, सहा वर्षांनंतर. मालकाला मात्र इतकी वाट पाहावी लागली नाही. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, सरकारी तिजोरीतून भरण्याची सोय केली. आणि २०१९ च्या नियमांनी मनुष्यबळाच्या १५ टक्क्यांपर्यंत शिकाऊ ठेवण्यास मोकळीक दिली.

यावर मालकपक्षाचा ठरलेला युक्तिवाद असा की, शिकणाऱ्याला शिकविण्याचाच खर्च येतो, त्याला पूर्ण वेतन कसे द्यावे? पहिल्या काही महिन्यांपुरता तो मान्य करू. परंतु ज्या दिवशी शिकाऊने बसविलेली क्लच प्लेट घेऊन गाडी मार्गावर धावू लागते, त्या दिवसापासून तो उत्पादक श्रम करीत असतो. गाडीतील उतारू तिकिटाचे पैसे पूर्ण देतात. ब्रेक शिकाऊने बसविले म्हणून त्यांना सवलत मिळत नाही.

ज्या प्रदेशात हे चालले आहे त्याचा इतिहासही विसरता येणार नाही. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन झाले. रोजगार, उद्योग आणि ब्रॉडगेज रेल्वे मागणाऱ्या तरुणांवर तत्कालीन परभणी जिल्ह्यातील वसमत येथे गोळीबार झाला आणि त्यात प्राण गेले. त्या मागणीला पन्नास वर्षांनी मिळालेले उत्तर काय, तर २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: सहा महिने काम करा, बारावीला ६,००० रुपये घ्या. मुदत वाढवून अकरा महिने केली गेली, आणि नंतर कायम करा म्हणून त्याच प्रशिक्षणार्थींना रस्त्यावर यावे लागले. रोजगार मागणाऱ्याला प्रशिक्षण देऊन वाटेला लावावयाचे, ही राज्यकर्त्यांची रीतच झाली आहे.

मग त्या तरुणाने शिकाऊ उमेदवारी नाकारावी काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाकारू नये. रस्त्यावरच्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे राबणारा पोऱ्या उत्तम मेकॅनिक होतो, परंतु त्याच्या हाती एक कागदही नसतो. शिकाऊ उमेदवारीत नोंदणी झालेला करार असतो, अखेरीस परीक्षा व प्रमाणपत्र असते, कारखान्यातील सुरक्षिततेचे नियम लागू असतात, आणि अपघात झाल्यास भरपाईचा हक्क असतो. हे तुटपुंजे असले तरी हातचे सोडण्याजोगे नाही. कराराची नोंदणी झाल्याची खात्री करून घ्यावी, त्याची प्रत जवळ बाळगावी, जादा तास सांगितल्यास त्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते हे लक्षात ठेवावे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात जे सांगितले ते पाठ करून ठेवावे: इतर गोष्टी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवाराआधी प्रशिक्षित शिकाऊला पसंती द्यावी, त्याच्या वयाच्या अटीत सवलत द्यावी, आणि प्रशिक्षितांची वर्षवार यादी ठेवावी.

परंतु एकट्या तरुणाने निकालाचा कागद घेऊन अधिकाऱ्याच्या दारात उभे राहावे, एवढ्याने न्याय मिळत नसतो. येथे कामगार संघटनांना जाब विचारला पाहिजे. एकाच खड्ड्यात, एकाच गाडीखाली, एकाच तेलाने माखलेल्या दोन माणसांपैकी एकाची वेतनवाढ मागणीपत्रात येते आणि दुसऱ्याचा उल्लेखही नसतो. हा दुसरा आज स्वस्त आहे म्हणूनच उद्या पहिल्याची जागा रिकामी ठेवली जाते, हे ओळखण्यास फार मोठ्या अभ्यासाची गरज नाही. विद्यावेतन किमान वेतनाला जोडा, प्रशिक्षितांची यादी संपेपर्यंत बाहेरची भरती आणि कंत्राट बंद ठेवा, आणि शिकाऊला पुन्हा कामगाराच्या व्याख्येत घ्या, या तीन मागण्या प्रत्येक मागणीपत्राच्या आरंभी आल्या पाहिजेत.

तरुणाने पाना उचलावा. त्या श्रमाचे मोल वसूल करण्याची जबाबदारी मात्र त्याच्या एकट्याची नव्हे. ती संघटित कामगारांची आहे, आणि ती टाळणाऱ्यांना श्रमप्रतिष्ठेवर बोलण्याचा अधिकार उरत नाही.