परिषद क्वालालंपुरात, वार्ताहर गडबला

शोधपत्रकारांची जागतिक परिषद नोव्हेंबर २०२५ मध्ये क्वालालंपूर येथे भरली. आशियात ती प्रथमच आली. कंपन्यांचे दप्तर कसे वाचावे, पैशाचा माग परदेशांपर्यंत कसा काढावा, याचे शिक्षण तेथे मिळते, देशोदेशींचे सहकारी जोडले जातात. भांडवलाला सरहद्दी नाहीत, तेव्हा शोधालाही त्या नसाव्यात, हे निर्विवाद. प्रश्न इतकाच की, त्या मांडवात गडबच्या वार्ताहराला जागा कोठे आहे?

२०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार ठप्प झाले. बनावट कर्जखात्यांतून पैसा वळवला गेला आणि सामान्य ठेवीदारांची पुंजी अडकली. असा घोटाळा ओळखण्यास ताळेबंद वाचता येणारा निर्भय माणूस लागतो. तालुक्याचा वार्ताहर मात्र तुटपुंजे मानधन व जाहिरातींच्या कमिशनवर जगतो. ज्यांच्याकडे जाहिरात मागायची, त्यांचेच हिशेब त्याने कसे तपासावेत? फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला, रिफायनरीच्या प्रश्नावर लिहिणारे शशिकांत वारिशे मोटारीच्या धडकेत मारले गेले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकार संरक्षणाचा कायदा विधिमंडळाने २०१७ सालीच संमत केला होता!

एखाद्या निवडकाला शिष्यवृत्ती मिळाल्याने हे चित्र पालटणार नाही. परिषदेतील विद्या मराठीत आणून पेण-रोह्यात वर्ग भरवले पाहिजेत: सातबारा, फेरफार, लेखापरीक्षण अहवाल, जनसुनावणीचे कागद वाचण्याचे. वार्ताहरामागे वर्गणीचा निधी आणि वकील उभा केला पाहिजे. हे काम पक्षाच्या तालुका शाखांचे आहे.

२००८ साली सेझवर जाहीर कौल देणारी गावे याच पेण तालुक्यातली. त्यांचा वार्ताहर जाहिरातदारांचा आश्रित राहावा, ही नामुष्की त्याची नव्हे, आपली आहे.