बालहट्ट आणि मोठ्यांचा शब्द

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट या तिन्हींपुढे शहाण्यांचेही काही चालत नाही, असे जुनी माणसे म्हणत. त्यांपैकी बालहट्टाला अलीकडे स्वतंत्र पंचांगच लाभले आहे. गणपती उठले की दिवाळीची मागणी, दिवाळी सरली की नाताळच्या सुटीची आणि मध्येच केव्हातरी वाढदिवस. चार वर्षांच्या मुलाला रिमोटवर चालणारी मोटार हवी असते, सात वर्षांच्या मुलीला मैत्रिणीसारखी सायकल आणि दहाव्या वर्षी तर स्वतंत्र मोबाईल. मागणी पुरवावी तर आठवड्याभरात ती वस्तू पलंगाखाली जाते. नाकारावी तर सणाची सकाळ रुसव्याफुगव्यांत जाते. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु मागणे, थांबणे, मिळणे आणि देणे हा जगाचा व्यवहार मूल प्रथम या प्रसंगांतूनच शिकत असल्याने त्याचा गंभीरपणे विचार करणे अगत्याचे आहे.

‘हल्लीची मुले फार हट्टी’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागील विक्रीचा हेतू ओळखता येत नाही, असा निष्कर्ष अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये मांडला होता. जाहिरात म्हणजे एक खरी बातमी, असेच ती धरून चालतात. म्हणूनच कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींवर बंदी घातली. स्वीडनने १९९१ पासून बारा वर्षांखालील मुलांसाठीच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती रोखल्या. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वस्तू विकत घ्या किंवा आईवडिलांना घ्यायला लावा, असे थेट आवाहन मुलांना करण्यास मनाई आहे. हे स्वागतार्हच. मात्र शेजारच्या मुलाच्या हातातील खेळणे ही सर्वांत प्रभावी जाहिरात असते आणि तिला कोणताही कायदा रोखू शकत नाही.

हा अनुभव आजचा नाही. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य आपली कहाणी भीष्मांना सांगतात. श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागला. द्रोणांना गाय काही मिळाली नाही. तेव्हा इतर मुलांनी त्याला पिठाचे पाणी दिले आणि ‘मीही दूध प्यालो’ असे म्हणत तो आनंदाने नाचू लागला. मुले हसली. लोकांनी द्रोणांच्या दारिद्र्याचा धिक्कार केला. ते शब्द जिव्हारी लागून द्रोण द्रुपदाकडे गेले. तेथे झालेला अपमान आणि त्यातून पेटलेले वैर सर्वांना ठाऊक आहे.

ही कथा आपण मातापित्यांच्या अगतिकतेची म्हणून सांगतो. पण एक बारकावा नजरेतून निसटतो. बाळ तर पिठाच्या पाण्यावर तृप्त होऊन नाचत होता. जखम झाली ती बापाच्या मनाला. द्रोणांचे दारिद्र्य तरी खरे होते. आज मध्यमवर्गीय घरात दुधाची ददात नाही, तरी ‘वर्गातल्या सगळ्यांकडे आहे’ हे वाक्य ऐकताच मोठ्यांच्याच मनात काहीतरी टोचते. वाढदिवसाला सभागृह घ्यायचे, तीनमजली केक कापायचा, आलेल्या प्रत्येक मुलाच्या हाती परतभेटीची पिशवी ठेवायची, यांतील चार वर्षांच्या मुलाने मागितलेले किती आणि नातेवाईक, शेजारी व कार्यालयातील सहकारी यांच्यासाठी केलेले किती? बालहट्ट या नावाखाली पुरवला जाणारा हट्ट पुष्कळदा पालकांचाच असतो, हे प्रथम प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

दूध म्हणून पिठाचे पाणी पाजण्याचा प्रकारही घरोघरी चालतोच. ‘बघू’, ‘पुढच्या महिन्यात नक्की’, ‘आज दुकान बंद आहे’, ‘पहिला नंबर आण, मग सायकल’ ही त्याची रूपे. वेळ मारून नेली जाते आणि आपण विसरतो. मूल विसरत नाही.

संयमाचा विषय निघाला की वॉल्टर मिशेल यांच्या प्रसिद्ध प्रयोगांचा दाखला हमखास दिला जातो. एक गोड वडी आत्ता खा किंवा थोडे थांबलास तर दोन मिळतील, असे सांगून त्यांनी स्टॅनफर्डच्या शिशुशाळेतील मुलांना पारखले. त्यावरून संयम हा मुलाचा जन्मजात गुण असल्याचा समज पसरला. परंतु रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांचे दोन गट केले गेले. चित्रकामासाठी चांगले साहित्य आणून देतो, असे दोन्ही गटांना सांगितले. एका गटाला ते खरोखर आणून दिले, दुसऱ्याला ‘नाहीये’ म्हणून सांगितले. त्यानंतर वडीची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांचा शब्द मोडला गेला होता, ती जेमतेम तीन मिनिटे. मोठ्यांच्या शब्दावर भरवसा उरला नसेल, तर हाती येईल ते ओरबाडणे हाच मुलाच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो. मग त्याला आपण हट्टी म्हणतो!

सार्वजनिक कामात रमलेल्या कार्यकर्त्यांनी या ठिकाणी स्वतःच्या घराकडेही पाहावे. बैठका आणि प्रवास यांत रविवार निघून जातात आणि येताना आणलेल्या खेळण्याने ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न होतो. दोघेही नोकरी करणाऱ्या आईवडिलांची अडचण याहून वेगळी नाही. या प्रेमाबद्दल शंका नाही. परंतु अनुपस्थितीचे मोल वस्तूंत चुकते करायची सवय लागली की मूलही तोच हिशेब शिकते. त्यापेक्षा ‘रविवारी सकाळी टेकडीवर जाऊ’ असे सांगावे आणि त्या रविवारी बैठक दुसऱ्यावर सोपवून खरोखर जावे.

प्रत्यक्षात काय करता येईल? एक साधी वही घ्यावी. वर्षभर मुलाच्या मनात येईल ते त्यात लिहावे. लिहिता येत नसेल तर त्याने चित्र काढावे. ‘नाही’ ऐकण्यापेक्षा ‘लिहून ठेवू’ हे ऐकणे मुलाला सोपे जाते आणि ती वही पुढे खरोखर उघडली जाते, हे त्याला दिसले पाहिजे. वाढदिवसाच्या वा दिवाळीच्या आधी ती उघडली की निम्म्या इच्छा मुलानेच खोडलेल्या आढळतील. उरलेल्यांतून एक त्याने निवडावी आणि ती कबूल केलेल्या दिवशी मिळावी. जे देणे शक्य नाही वा योग्य नाही, ते कारणासह पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. आजी-आजोबा, मामा-मावशी यांच्याशी आधीच बोलावे. आईने नाकारलेले मामाने आणले की दोघांच्याही शब्दाची किंमत जाते. अभ्यास आणि भेटवस्तू यांची सांगड तर मुळीच घालू नये.

आपल्या सणांनी या बाबतीत फार सुंदर व्यवस्था करून ठेवली आहे. संक्रांतीच्या सुमारास होणारे बोरन्हाण आठवा. हलव्याचे दागिने घालून बाळाला पाटावर बसवतात, त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे यांचा वर्षाव करतात आणि ते वेचण्यासाठी झुंबड उडते ती जमलेल्या इतर मुलांची. सोहळा एकाचा, लूट सर्वांची! दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती, दगड, जुनी पोती आणि वाड्यातील वा सोसायटीतील दहा हात लागतात; मावळे विकत आणले तरी किल्ला उभारावाच लागतो. भाऊबिजेला भाऊ साठवलेल्या पैशांतून ओवाळणी घालतो आणि देण्याचा आनंद त्याला प्रथमच उमगतो. हे प्रसंग उरकून न टाकता मुलांच्या हाती सोपवावेत. घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलालाही बोरन्हाणाला आणि किल्ल्याला बोलवावे. आपल्या मुलाने त्याला द्यायची वस्तू मोडकी नसावी, स्वतःला आवडणारी असावी.

भेट द्यावीच. सणाला नवे खेळणे हाती पडल्यावर फुललेला चेहरा पाहण्याचे सुख कोणत्या आईबापांनी का नाकारावे? परंतु त्या खेळण्याचे आयुष्य काही महिन्यांचे असते. बाबांनी सांगितले होते आणि त्या दिवशी ते आले, आईने नाही म्हटले तेव्हा कारणही सांगितले, एवढे ज्या मुलाला पक्के ठाऊक असते, त्याला थांबणे जड जात नाही. या दिवाळीपूर्वी दुकानाची यादी करण्याआधी, गेल्या वर्षी आपण मुलांना काय काय कबूल केले होते, ते एकदा आठवावे आणि राहून गेलेला एक तरी शब्द पुरा करावा.